‘परसाकडे’ हा शब्द वहीत लिहा

*पत्र*

ताई, नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात तिच्या तपासण्या झाल्या आणि अल्झायमर असल्याचं सांगितलं. बाबा चार वर्षांपूर्वी गेले. आम्ही तिघं भावंडं. थोरला भाऊ पुण्यात, मी डोंबिवलीला, धाकटा नाशिकला. आईला चार-चार महिने प्रत्येकाने ठेवायचं असं ठरलंय. आई सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली, लग्नानंतर पुण्यात आली. सत्तावीस वर्षं पोस्टाच्या आरडीची एजंट होती, घरोघर जाऊन हप्ते गोळा करायची.

या वेळी नाशिकला असताना तिला लघवीचं इन्फेक्शन झालं, पाच दिवस अ‍ॅडमिट होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी माझ्याकडे आली ती दुसरीच कुणी बाई वाटावी अशी. दिवसभर पेंगते, बोलणं जड झालंय, चालताना तोल जातो. डायपर लावूनच आली. भाऊ म्हणतो, आता तिला कळत नाही. तिथे ठेवलेली बाई म्हणाली, ‘सकाळी परसाकडे, परसाकडे करत दाराकडे धावायच्या, म्हणून आम्ही कडी लावून ठेवायचो.’ सोबत पिशवीभर गोळ्या आल्यात, अकरा प्रकारच्या. यादी पाठवतेय. काही विचारलं की भाऊ म्हणतो, ‘डिस्चार्ज कार्डात सगळं लिहिलंय.’

चार वाजले की आई पर्स घेऊन उठते. ‘हप्ते राहिलेत, पोस्ट बंद होईल.’ अडवलं की हात उगारते. बाबा कुठे गेले हे दिवसातून वीस वेळा विचारते. मी खरं सांगते, ती रडते, अर्ध्या तासाने पुन्हा विचारते. तिच्याशी बोलायचं तरी कसं? आणि भावांना काय सांगू?

— एक लेक, डोंबिवली

*उत्तर*

प्रिय ताई,

सदरात उत्तर छापून यायला वेळ लागतो, म्हणून गोळ्यांबद्दल तुम्हाला मी लगेच फोन केला होता. इतरांच्याही उपयोगाचं आहे म्हणून तेवढं इथे पुन्हा लिहिते.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच. त्यात माणूस महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी उतरत जातो. तीन आठवड्यांत माणूस पार बदलून गेला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसायचं नाही. मेंदूच्या अशा अचानक उडालेल्या गोंधळाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आपल्याकडची जुनी माणसं ‘वात झालाय’ म्हणायची, ते बहुतेक वेळा हेच. कधी माणूस बडबडतो, अंगावर धावून येतो. कधी नुसता पेंगत राहतो. पेंगणारा कुणाला त्रास देत नाही म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही, आणि तोच जास्त काळजीचा असतो. कारणं अगदी साधी निघतात. लघवीचं इन्फेक्शन, चार दिवस शौचाला न होणं, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवी गोळी. यातलं बरंचसं दुरुस्त होतं. म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि तुमची यादी. पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव. तुमच्या यादीत दोन निरनिराळ्या नावांखाली एकच औषध होतं, अल्झायमरवरचं डोनेपेझिल. एक पुण्याच्या डॉक्टरांचं जुनं, एक नाशिकच्या हॉस्पिटलातलं. नाशिकच्या डॉक्टरांना जुनी गोळी चालू आहे हे कुणी सांगितलं नसणार. भावाने दोन्ही इमानदारीने दिल्या. ही गोळी जास्त झाली की नाडी मंदावते, मळमळतं, चक्कर येऊन माणूस पडतो. पुढची गंमत बघा. डोनेपेझिल मेंदूतलं असिटिलकोलिन, म्हणजे आठवणीला लागणारं एक रसायन, टिकवून धरते. काहींना तिच्याने लघवीची घाईही होते. मग लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, तेही यादीत आहे, आणि ते नेमकं असिटिलकोलिनचंच काम अडवतं. म्हणजे एका हाताने पाणी भरायचं आणि दुसऱ्या हाताने नळ सोडून ठेवायचा. शिवाय रात्री शांत झोपावं म्हणून क्वेटियापिन. डिमेन्शियाच्या वृद्ध माणसांत या जातीच्या, म्हणजे मनोविकारांवरच्या, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलाय. कधीकधी ती द्यावीच लागतात, पण थोड्या दिवसांसाठी, आणि ‘अजून गरज आहे का’ हे विचारत राहून. हॉस्पिटलात सुरू झालेली गोळी घरी वर्षानुवर्षं चालू राहते, कारण बंद करायचं काम कुणाकडेच दिलेलं नसतं.

मनाने काहीही बंद करू नका, सगळी पाकिटं एका पिशवीत घालून दाखवा, असं मी सांगितलं. तुम्ही गेलात. एक डोनेपेझिल गेली, दोन गोळ्या हळूहळू उतरवताहेत, आणि आई परवा दुपारी पेपर हातात घेऊन बसली होती, असं कळवलंत. वाचायला आलं का ते विचारू नका तिला. बसली, पुरे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले.

‘परसाकडे, परसाकडे करत दाराकडे धावायच्या.’

ताई, तुमची आई साताऱ्याकडच्या खेड्यात वाढली. तिच्या लहानपणी घराच्या मागे परस होतं आणि शौचाला जायचं ते परसाकडे. शहरात राहून तिने ‘संडास’, ‘बाथरूम’, ‘टॉयलेट’ हे शब्द घेतले, पन्नास वर्षं वापरले. या आजारात पुष्कळदा मागून आलेले शब्द आधी निसटतात आणि आईच्या मांडीवर शिकलेले शिल्लक राहतात. नाशिकच्या बाईंच्या बोलीत कदाचित हा शब्द नसेल. म्हातारी घाईघाईने दाराकडे निघालीय, म्हणजे हिला बाहेर पळायचंय. लावा कडी. मग व्हायचं तेच झालं, मग डायपर आला, मग कुणीतरी कागदावर लिहिलं की हिचा शौच-लघवीवर ताबा नाही. तो कागद आता पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तिच्या आधी पोचेल.

ताबा होता. बोलूनही दाखवत होती. समोरच्याकडे तेवढा एक शब्द नव्हता.

हे मी पत्रावरून लावलेलं अनुमान आहे, चुकलेलं असू शकेल. पण तपासायला सोपं आहे. सकाळी चहानंतर आणि जेवणानंतर तिला स्वतः उठवा, ‘चल, परसाकडे जाऊन येऊ’ म्हणा, संडासाचं दार उघडं आणि दिवा चालू ठेवा. दारावर कमोडचं चित्र लावा हवं तर. आठ-पंधरा दिवसांत डायपर दिवसापुरता तरी निघाला, तर मला जरूर कळवा.

तुम्ही ‘कसं बोलायचं’ विचारलंत. बोलण्याची युक्ती मी पुढे सांगते, पण तुमच्या घरातला घोळ बोलण्याच्या आधीचा आहे. आईची माहिती तिघांकडे तीन तुकड्यांत आहे आणि आई फिरते तेव्हा ती माहिती जागीच राहते. धडधाकट माणूस आपली माहिती आपल्याबरोबर नेतो. नव्या डॉक्टरला सांगतो, मला त्या गोळीने पुरळ आलं होतं. नव्या शेजारणीला सांगतो, मला दूध चालत नाही. तुमच्या आईचं हे काम करणारी जागाच आजाराने खाल्लीय. ते काम आता दुसऱ्या कशाने तरी करायला हवं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात टिकाऊ निघाली ती दोनशे पानी वही. मी तीस वर्षं सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. अ‍ॅप पाहिली, फायली पाहिल्या, चुंबकाने फ्रिजवर लावलेले तक्ते पाहिले. वही पिशवीत मावते, चार्जिंग लागत नाही, आणि मोलकरणीपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना उघडता येते. आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, काढलं नसेल तर तेही काढा, चौदा आकडी नंबर असतो, रिपोर्ट जोडता येतात. पण त्यात ती ‘परसाकडे’ म्हणते हे नसतं.

वहीच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव लिहू नका. तिला काय हाक मारायची ते लिहा. सत्तावीस वर्षं दारोदारी हप्ते घेणाऱ्या बाईला लोक काय म्हणायचे? ‘काकू’ म्हणत असतील. ब्यूरोच्या मुली ‘आज्जी’ म्हणतात, आणि आज्जी म्हटल्यावर ती वळून बघत नसेल, तर ते बहिरेपण समजलं जातं. मग तिचे खास शब्द आणि त्यांचे अर्थ. चष्मा कुठला, कवळी रात्री कशात ठेवायची, कोणत्या कानाने ऐकू येतं. दुखलं तर ती काय करते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण या आजारात पुष्कळ जण ‘दुखतंय’ म्हणत नाहीत. कुणी पदराचा पिळा करत बसतं, कुणी जेवायचं सोडतं, कुणी अंघोळीला हात लावू देत नाही. तुमची आई काय करते ते तिघांनी आठवून लिहा, तीन वेगळी उत्तरं येतील आणि तिन्ही बरोबर असतील. कशाला घाबरते, कशाने निवते. चार वाजताचे हप्ते.

औषधांना वेगळी पानं. प्रत्येक गोळीपुढे ती कुणी सुरू केली, कधी, कशासाठी आणि पुन्हा कधी दाखवायची. ‘कशासाठी’चा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच विचारायचा. महिन्यातून एकदा वजन. आणि शेवटी रोजच्या दोन ओळी, नवीन काय दिसलं एवढंच. ‘आज जेवली, झोपली’ लिहून वही भरू नका, कुणी वाचत नाही.

पहिल्या पानाची इंग्रजी नक्कल करून ठेवा, कारण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला मराठी वाचता येईलच असं नाही. आणि दोन्हींचा फोटो भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पिन करून.

आता माझीच एक चूक सांगते. माझे वडील शेवटच्या काळात एका हॉस्पिटलात होते. मी या धंद्यातली, मला सगळं कळतं असा माझा समज. अ‍ॅडमिट करताना मी त्यांचं कानाचं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं, हरवू नये म्हणून. महागाची वस्तू! तीन दिवस त्यांना ऐकू येत नव्हतं. नर्स मागून यायची, बोलायची, उत्तर नाही म्हणून दंडाला धरायची, ते झटकायचे, ओरडायचे. चौथ्या दिवशी मी केसपेपर पाहिला तर ‘सहकार्य करत नाहीत’ असं लिहिलेलं आणि हात पट्टीने कॉटला बांधलेले. मशीन माझ्या पर्समध्ये, मोबाइल आणि घराच्या किल्ल्यांच्या मध्ये. कानात घातल्यावर ते पहिलं वाक्य बोलले, ‘इथे चहा मिळतो का?’ नर्सचा दोष मी कधी काढला नाही. तिला सांगायचं माझं काम होतं.

ब्रिटनमध्ये २०१४ साली निकी जेरार्ड या लेखिकेने याच कारणासाठी मोहीम सुरू केली. तिचे वडील जॉन डिमेन्शियाचे रुग्ण होते. हॉस्पिटलात असताना घरच्यांना त्यांच्याजवळ थांबू दिलं जात नव्हतं आणि त्या काही आठवड्यांत ते पार ढासळले. म्हणून ‘जॉन्स कॅम्पेन’. घरच्या माणसाला रुग्णाजवळ थांबायचा हक्क मिळावा, एवढीच मागणी. ते वाचून मला हसू आलं होतं. आपल्याकडे ‘पेशंटजवळ एक नातेवाईक पाहिजेच’ असं दरडावून सांगतात. त्यांना जे लढून मिळवावं लागलं ते आपल्याकडे कॉटखाली चटई टाकून झोपलेलं असतं. फक्त त्याला कुणी काही विचारत नाही. औषधं आणायला तेवढं पिटाळतात. तेव्हा पुढच्या वेळी राऊंडला तुम्हीच वही पुढे करा. मोठ्या डॉक्टरना वेळ नसतो, तुम्ही रात्रपाळीच्या सिस्टरना गाठा. त्या वाचतात.

डिस्चार्जच्या दिवशी आपलं सगळं लक्ष बिल आणि गाडीकडे असतं. त्या गडबडीत एका माणसाने फक्त तीन गोष्टी विचारायच्या: जुन्यातलं काय बंद केलंत, नवीन काय दिलंत, आणि नवीन कधी थांबवायचं. तुमच्या भावाचं ‘कार्डात सगळं लिहिलंय’ खरं नाही. कार्डात फार तर आजचं लिहिलेलं असतं. आधीचे कागद हवे असतील तर हॉस्पिटलला अर्ज द्या. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात असा २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि काउंटरवरच्यांनाही नसतं, तेव्हा नियमाचं नाव सौजन्याने घ्या.

घरात बाई ठेवली असेल तर तिचंही तेच. ब्यूरोच्या बाया बदलतात. जुनी सकाळी गेली आणि नवी संध्याकाळी आली, की आईची अख्खी माहिती मधल्या दुपारी वाहून गेली. जाणाऱ्या बाईला एका दिवसाचे पैसे जास्त द्या आणि तो दिवस दोघींना एकत्र राहू द्या. अंघोळ कशी घालते, घास कुठल्या बाजूने देते हे बघूनच कळतं. वाचता येत नसेल तर पहिलं पान तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून तिच्या फोनवर पाठवा.

बरं, बोलण्याचं. पहिली गोष्ट, ‘ओळखलंस का मी कोण?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. आपल्याकडे भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, हसत हसत, आणि म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं घाबरं होतं. ‘आई, मी आलेय, तुझी लेक’ असं आपणच सांगून टाकावं. समोरून या, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, टीव्ही बंद करा. एका वेळी एकच गोष्ट. ‘उठ, तोंड धू, मग चहा घे आणि गोळी राहिलीय’ या वाक्यातलं तिला फार तर चहा कळेल. आणि बोलून झालं की थांबा. आपण थांबत नाही. दोन सेकंदांत तोच प्रश्न जरा मोठ्या आवाजात आणि वेगळ्या शब्दांत विचारतो, की तिने मनात जुळवत आणलेलं सगळं विस्कटतं. मनात दहा आकडे मोजा. कठीण आहे, करून बघा.

आणि तिच्यासमोर ‘तिला काही कळत नाही’ हे वाक्य पुन्हा कुणी बोललेलं ऐकलं तर त्याला स्वयंपाकघरात न्या. शब्द निसटले तरी सूर कळतो.

हप्त्यांचं. दुपार कलली की या आजारात घालमेल वाढते, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं. पण तुमची आई वेडंवाकडं काही बोलत नाहीये हे लक्षात घ्या. सत्तावीस वर्षं तिच्या अंगावर लोकांचे पैसे होते. ठरल्या तारखेच्या आत हप्ता भरला नाही तर कुणातरी बाईला दंड बसायचा, तोंड काकूंना दाखवावं लागायचं. ही जबाबदारी तिच्या हाडात आहे. तिला दारात अडवणारी तुम्ही म्हणजे कुणाचे तरी पैसे बुडवायला निघालेली बाई! हात उगारेल नाही तर काय?

तेव्हा अडवू नका. साडेतीनलाच चहा द्या. जुनी पासबुकं घरात असतील तर रबरबँड लावून तिच्या पर्समध्ये ठेवा, नसतील तर तशाच वह्या. ‘चल, किती घरं राहिलीत?’ म्हणून तिच्याबरोबर सोसायटीत एक फेरी मारा. खालच्या दोन शेजारणींना विश्वासात घेऊन सांगून ठेवा. त्यांनी ‘काकू, माझा भरला हो’ म्हटलं तर पुरे. पायही मोकळे होतील. पर्समध्ये तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र कायम हवी, एखाद्या दिवशी ती तुमच्याआधी निघेल.

बाबांचं जास्त अवघड आहे. तुम्ही खरं सांगता, कारण आईशी खोटं बोलवत नाही. तुमचं मन मला कळतं. पण तिच्यासाठी ती बातमी दर वेळी पहिली असते. दिवसातून वीस वेळा तुम्ही तिला विधवा करता. कठोर लिहिलं, माफ करा. आणि तिकडे पुण्यात, तुमच्याच फोनवरच्या बोलण्यातून कळलं, वहिनी सांगतात ‘गावाला गेलेत’, आणि मागच्या भिंतीवर बाबांचा हार घातलेला फोटो. नाशिकला सांगतात ‘येतील संध्याकाळी’. या तिन्ही उत्तरांत तिला एकच गोष्ट कळते, की ही माणसं माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. मग ती परत विचारते.

मी काय करते ते सांगते. बातमीही देत नाही आणि थापही मारत नाही. विचारणारीला बहुतेक वेळा ‘ते कुठे आहेत’ यापेक्षा ‘ते नाहीत असं का वाटतंय’ हे बोलायचं असतं. ‘बाबांची आठवण येतेय का गं? त्यांना चहात साखर किती लागायची?’ असं म्हणून तिच्याजवळ बसा. बोलू दे. एखाद्या दिवशी ती डोळ्यांत बघून सरळ विचारेल, ‘गेले ना ते?’ तेव्हा हो म्हणा आणि हात धरून बसा. त्या दिवशी टाळलंत तर मात्र ते खोटं ठरेल. जे काय ठरवाल ते तिन्ही घरांत एकच असू दे. वहीत तेही लिहा.

भावांना काय सांगायचं? ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हे तर नकोच. नाशिकच्या भावाने अकराच्या अकरा गोळ्या वेळेवर दिल्यात, निष्काळजी माणूस दोन विसरला असता. त्याला यादीची कहाणी शांतपणे सांगा, तो हादरेल.

पाळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चार-चार महिन्यांची वाटणी तुम्हा तिघांच्या दृष्टीने न्यायाची आहे, आईच्या दृष्टीने वर्षातून तीनदा घर मोडणारी आहे. रात्री उठून संडास डावीकडे की उजवीकडे, हे तिला नव्याने शिकता येत नाही. जमत असेल तर आई एका घरी राहावी आणि बाकीच्या दोघांनी पैसे, सुट्ट्या आणि रात्री वाटून घ्याव्यात. पण एका सुनेच्या किंवा एका लेकीच्या डोक्यावर सगळं टाकून ‘एका जागी’ म्हणणं हे पुरुषांचं आवडतं उत्तर असतं, त्यापेक्षा पाळी बरी. पाळीच ठेवायची झाली, तर तारखेवर नको. आजारपणातून उठल्या उठल्या हलवू नका. नेणाऱ्याने दोन-तीन दिवस आधी येऊन राहावं, तिचा दिवस बघावा. पोचवणाऱ्याने दोन रात्री तिथे थांबावं. तीच गोधडी, तेच ताट, कॉटची तीच बाजू. प्रवास सकाळचा. गावं तीन असली तरी मेंदूचे डॉक्टर एकच ठेवा. मार्च २०२० पासून फोन-व्हिडिओवरून सल्ला द्यायला आपल्याकडे रीतसर नियम आहेत, दर वेळी पुण्याला जायची गरज नाही.

निर्णय कुणी घ्यायचा हेही आत्ताच ठरवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो, साध्या कागदावर सही किंवा अंगठा चालतो. पण आईला समजून सही करता येतेय तोवरच त्याला अर्थ आहे. बँकेचं, मुखत्यारपत्राचं वकिलाला विचारा, त्यातल्या काही गोष्टी तिचं भान गेल्यावर टिकत नाहीत.

आणि हो, तुमच्या अख्ख्या पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारते. आईला विचारलंत का, तिला कुठे राहायचंय? सकाळी दहाच्या सुमाराला, ती ताजी असताना, एकदा विचारा. उत्तर अर्धं येईल, कदाचित भलतंच येईल. तरी विचारा.

तुम्ही स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे तुमच्यासारख्या रात्री जागणाऱ्या किती जणी असतील बघा. ‘एआरडीएसआय’ ही या आजारावर काम करणारी संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली, मुंबईतही तिची शाखा आहे, तिथे काळजी घेणाऱ्यांचे गट भेटतात. मन अगदीच भरून आलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आठवड्यातून एक दुपार घराबाहेर काढा. काही करायला नको, नुसती काढा.

या रविवारी धाकटा भाऊ येतोय म्हणालात. पहिलं पान दोघांनी आईला मध्ये बसवून भरा. पेन तिच्याही हातात द्या. आरडीच्या एजंटचे आकडे वळणदार असतात, गोळ्यांच्या पाकिटांची संख्या तिलाच मोजून लिहू दे.

आणि एक फोन नाशिकच्या त्या बाईंना करा. रागावायला नको, ‘परसाकडे’चा अर्थ सांगायला. त्या आता दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे कामाला असतील.